सात नंबरचा हात

"सर, माझे किती झाले?"

हाफटाइमला बाकीच्या मुली आधी स्कोअर विचारायच्या. वैजयंता फाउल विचारायची, तेही पाण्याची बाटली तोंडाला लावायच्या आधी.

"दोन," मी म्हणालो.

"आणि मार्थाचे?"

"चार."

"म्हंजे आज माझ्यावर काम हाय," असं म्हणून ती हसली आणि मग घटाघटा पाणी प्यायली.

डिसेंबर एक्क्याण्णव. सांगलीत विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेची फायनल चालली होती आणि आम्ही तीन गुणांनी मागे होतो. बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर बसतो, तो पुन्हा आत येत नाही. मार्था उजागरे आमची सगळ्यात उंच मुलगी. टीमचे निम्मे गुण ती एकटी करायची. तिचा आणखी एक फाउल झाला असता तर आमचा खेळ तिथंच आटोपला असता. बेंचवर माझ्याकडे दोनच मुली उरल्या होत्या. एकीचा घोटा सुजलेला होता. दुसरी शैला, तिला बॉल अंगावर आला की ती डोळे मिटून घ्यायची.

एवढ्याशा टीमनिशी आम्ही फायनलपर्यंत आलो कसे, असं लोक मला तेव्हा विचारत आणि मी नुसता हसत असे. आज सांगायला हरकत नाही.

त्या काळी शिट्टी वाजली की ज्याचा फाउल असेल त्या खेळाडूनं स्वतः हात वर करायचा, असा नियम होता. टेबलावर बसलेला स्कोअरर तो हात बघून वहीत नंबर टाकायचा. रिंगखाली चार-पाच मुलींची झोंबाझोंबी चालते. त्यात रेफरीला फाउल दिसतो, पण तो नेमका कुणाचा हे पुष्कळदा दिसत नाही, म्हणून तोही वर आलेला हात शोधतो. माझ्या टीमला मी माझा स्वतःचा एक पोटनियम शिकवला होता. दोघी गर्दीत असताना शिट्टी वाजली, तर जिचे फाउल कमी तिनं हात वर करायचा. फाउल कुणी का केलेला असेना. मुली त्याला 'वाटणी' म्हणायच्या.

मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. उलट मी त्याला एकजूट असं भारदस्त नाव दिलं होतं.

त्याआधी दोन वर्षं मी एका रेल्वे जंक्शनच्या गावातल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो. तेव्हा बास्केटबॉलच्या कोर्टवर प्राध्यापकांच्या स्कूटर उभ्या असायच्या. बोर्ड होते, रिंगा नव्हत्या. आदल्या वर्षी मुलींची टीम एकसष्ट विरुद्ध चारनं हरली होती, आणि त्या चारांतले दोन गुण समोरच्या टीमनं चुकून आपल्याच बास्केटमध्ये टाकलेले होते. रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या एका फिटरच्या विनवण्या करून मी रिंगा बनवून घेतल्या. स्कूटरवाल्यांशी भांडलो. पहिल्या दिवशी प्रॅक्टिसला चार मुली आल्या, त्यातल्या दोघी चपला घालून.

वैजयंता त्या चपलावाल्यांपैकी एक. तिचे वडील, मारुती भालशंकर, रेल्वेत गँगमन होते. बुटांची सोय होईपर्यंत पोरगी महिनाभर अनवाणी खेळली, आणि सिमेंटच्या कोर्टवर अनवाणी पळणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. बास्केट तिला फारसं जमलं नाही. पण समोरच्या खेळाडूला ती अशी अडवायची की तिला श्वास घ्यायलाही परवानगी मागावी लागेल. आणि मी सांगितलेली गोष्ट ती दुसऱ्यांदा विचारत नसे. वाटणीचा नियम तिच्याइतका मनापासून कुणीच पाळला नाही. दोन वर्षांत तिनं इतरांचे किती फाउल अंगावर घेतले ते तिला माहीत, नाहीतर मला.

फायनलच्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या निवड समितीच्या इनामदार मॅडम मला मैदानाच्या कडेला भेटल्या होत्या.

"तुमची ती सात नंबर," त्या म्हणाल्या, "असा बचाव मी तीन वर्षांत पाहिला नाही हो. आज एकदा शेवटपर्यंत बघते आणि नाव लिहूनच टाकते."

मी धावत जाऊन वैजूला सांगितलं. ती बुटाची नाडी बांधत होती, ती तशीच हातात धरून बसली.

"खरंच म्हणल्या, सर?"

"खरंच. आज फक्त शेवटपर्यंत कोर्टवर राहा."

"बाबांनी अट घातलीया. विद्यापीठाच्या टीमात नाव आलं तर रेल्वेच्या ट्रायलला पाठवतो म्हणले. न्हाई आलं तर परीक्षा झाली की जेऊरला, आत्याच्या घरी."

"मुलगा कसा आहे?"

"चांगला हाय की. चक्की हाय त्याची." मग नाडी ओढत म्हणाली, "पण सर, त्यो माझ्या खांद्याला लागतोय."

आम्ही दोघंही मोठ्यानं हसलो. तिचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय नव्हती.

आणि माझंही काही होतं. मी चौतीस वर्षांचा होतो, ही माझी तिसरी तात्पुरती नोकरी होती. निघायच्या आधी संस्थेचे सचिव आबासाहेब मला म्हणाले होते, "सर, तुम्ही कप आणा. कायम केल्याची ऑर्डर मी टाइप करून ठेवतो." ते असं बऱ्याच जणांना बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणत, पण मी विश्वास ठेवला होता.

उत्तरार्धात वैजू अशी खेळली की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांची दहा नंबरची मुलगी पहिल्या हाफमध्ये आम्हाला भारी पडली होती. वैजूनं तिला पुढची बारा मिनिटं बॉलला हात लावू दिला नाही म्हटलं तरी चालेल. इनामदार मॅडम खुर्ची पुढं ओढून बसल्या. मुलींच्या मॅचला एरवी येतात त्याच्या चौपट लोक जमले होते. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा स्कोअर सत्तेचाळीस-सत्तेचाळीस होता.

मग त्यांचा एक शॉट रिंगला लागून उडाला. बॉलसाठी रिंगखाली पाच जणी एकदम उसळल्या. आमच्या दोघी, वैजू आणि मार्था, आणि त्यांच्या तिघी, त्यात मधे ती दहा नंबर. खाली आल्या तेव्हा दहा नंबर तोंड धरून गुडघ्यांवर बसलेली होती आणि तिच्या बोटांमधून रक्त येत होतं. शिट्टी वाजली.

वैजूनं बेंचकडे बघितलं. तिचा हात वर गेला, नेहमीसारखा सरळ, बोटं ताठ.

रेफरीनं तो हात बघितला आणि स्वतःच्या दोन्ही मुठी डोक्यावर धरल्या.

मुठी म्हणजे साधा फाउल नव्हे. मुद्दाम मारलंय, असा त्याचा अर्थ. खेळाडू त्या मॅचमधून बाद, नाव रिपोर्टात, आणि विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या निवडीतूनही बाद. वाटणीचा नियम शिकवताना हा हिशेब मी मुलींना कधी सांगितला नव्हता. कारण मी तो स्वतःच कधी केला नव्हता.

वैजूचा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचा असतो हे ती विसरली असावी.

रेफरी वयस्क गृहस्थ होते, शांत. ते टेबलाकडे जायचे ते वाट वाकडी करून माझ्याकडे आले.

"कोच," ते हळू आवाजात म्हणाले, "कोपर मला स्पष्ट दिसलं. पण मला वाटलं, ती उंच मुलगी होती. सात नंबरच ना?"

त्यांच्या खांद्यावरून मला सगळं दिसत होतं. मार्था रिंगखाली कमरेवर हात ठेवून उभी होती, पांढरीफटक. वैजू माझ्याकडे बघत होती. पलीकडे इनामदार मॅडम वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"हात कुणी वर केलाय, सर?" मी म्हणालो.

ते मान हलवून टेबलाकडे गेले आणि सात नंबर दाखवला.

मी खोटं बोललो नाही. लक्ष देऊन वाचलंत तर तुम्हालाही दिसेल, त्या वाक्यात खोटं काहीच नाही. त्याच्याइतकं हलकट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही.

वैजू बाहेर आली. नियमाप्रमाणं बाद झालेल्या खेळाडूनं बेंचवरही बसायचं नसतं, म्हणून ती माझ्यासमोरून सरळ चालत गेली आणि पॅव्हेलियनच्या दारात उभी राहिली. तिच्या जागी शैला गेली आणि तिनं पहिलाच बॉल डोळे मिटून का होईना, पकडला. इनामदार मॅडमनी वहीत काहीतरी खोडलं. खाली मान घालून त्या बराच वेळ खोडत होत्या.

आम्ही पंचावन्न-त्रेपन्ननं जिंकलो. शेवटचे आठही गुण मार्थाचे. कप घेताना फोटो निघाला, त्यात आम्ही सात जण आहोत. सहा मुली आणि मी.

परतीची पॅसेंजर दुसऱ्या दिवशी सकाळची होती. कप खिडकीजवळच्या बाकावर ठेवला होता आणि मुली त्याच्या अंगावर स्वेटर टाकून त्याला थंडी वाजते म्हणून खिदळत होत्या. वैजूही हसत होती. निदान मी बघितलं तेव्हा हसत होती. मिरज सोडल्यावर ती उठून माझ्यासमोर येऊन बसली.

"सर, आता मॅच झाली. आता सांगता येईल ना?"

"काय?"

"की कोपर माझं नव्हतं. मॅडमना पत्र लिहिलं तर? तुम्ही लिहिलं तर ऐकतील त्या."

मी म्हणालो, "थोडं थांबू या. आत्ता सांगितलं तर कप परत जाईल. सगळ्यांची मेहनत जाईल. तुझीसुद्धा."

"व्हय," ती म्हणाली. मग, "किती थांबायचं, सर?"

तेवढ्यात मार्था मधल्या वाटेत येऊन उभी राहिली. ती बाकाची कड धरून उभी होती आणि डब्याच्या धक्क्यांबरोबर हलत होती. सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती.

"सर, मी हात वर करत होते," ती म्हणाली.

"मार्था, बस खाली."

"मी मारलं तिला. मुद्दाम न्हाई, पण रागात मारलं. आणि मी हात वर करत होते. निम्मा केला होता. तुम्ही बघितलंत माझ्याकडं. मान हलवलीत, न्हाई म्हणून. आणि मग वैजूला दोन बोटं दाखवलीत."

ही गोष्ट मी मघाशी सांगताना गाळली. नवल नाही, तेहतीस वर्षं मी ती गाळतोच आहे. ही मॅच मी पुढं शिबिरांमध्ये कितीतरी वेळा सांगितली. टीमसाठी एका मुलीनं दुसरीचा फाउल स्वतःच्या अंगावर घेतला, त्याला म्हणतात संघभावना, असं सांगायचो आणि टाळ्या घ्यायचो. नियम होता, मुलीनं आपणहून पाळला, असंच ऐकणाऱ्याला वाटायचं. पण वैजूनं बेंचकडे बघितलं ते मी काय सांगतो ते बघायला. मी सांगितलं. दोन बोटं. तुझे दोनच आहेत, तू कर. रक्त मला तेव्हा दिसत होतं. फाउल साधा नाही, हे मुठी वर जायच्या आधी त्या मैदानावर ज्यांना कळलं असेल त्यांतला एक मी होतो.

"बस खाली," मी मार्थाला पुन्हा म्हणालो. आवाज चढवून म्हणालो. ती बसली नाही, दुसऱ्या टोकाला निघून गेली.

वैजू खिडकीबाहेर बघत होती. "राहू द्या, सर," ती म्हणाली, "तिला उगंच वाईट वाटतंय." मला काय वाटतंय ते तिनं विचारलं नाही, हे फार बरं झालं.

पुढचं थोडक्यात सांगतो आणि मग स्टेशनवर येतो. आबासाहेबांनी शब्द पाळला, जानेवारीत ऑर्डर हातात आली. त्याच महिन्यात विद्यापीठाचं पत्र आलं, सदर घटनेबाबत प्रशिक्षकांचा खुलासा मागवणारं. ही मला मिळालेली आणखी एक संधी. मी लिहिलं, 'संबंधित खेळाडूस योग्य ती समज देण्यात आली आहे.' मार्थाचं नाव विद्यापीठाच्या टीममध्ये लागलं होतं. ती गेली नाही, प्रॅक्टिसलाही पुन्हा आली नाही. दोन बोटांच्या इशाऱ्यानं मी दोघी घालवल्या. वैजूचं लग्न मे महिन्यात झालं. मला पत्रिका आली होती. मी गेलो, पहिल्या पंगतीला बसलो, जेवलो. त्या कपाच्या जोरावर मला पुढं एका मोठ्या कॉलेजनं बोलावलं, मग आणखी दोन कॉलेजांनी. बुडालेल्या टीम वर काढणारा माणूस अशी माझी ख्याती झाली. त्या सगळ्या टीमा मी खरंच वर काढल्या. वाटणी मात्र पुन्हा कुठं शिकवली नाही. पण ते कुणाच्या उपयोगाचं?

गाडी जंक्शनला लागली तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. आबासाहेबांनी बँड पाठवला होता. बँड म्हणजे एक ताशा आणि एक क्लॅरिनेट, पण त्यांनी जीव तोडून वाजवलं. मुलींना हार घातले. मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न झाला, तो मी हाणून पाडला.

गर्दी पांगल्यावर मला प्लॅटफॉर्मच्या टोकाशी मारुती भालशंकर दिसले. ड्यूटीवरून तसेच आले होते. निळा शर्ट घामानं काळा झालेला, डोक्याला गुंडाळलेलं फडकं त्यांनी मला बघून काढून हातात घेतलं. वैजू त्यांच्या बाजूला उभी होती, बॅग खांद्याला लावून.

"सर," ते म्हणाले, "पेपरात आलंय. सकाळच्या गाडीनं आला पेपर. स्टेशनमास्तरांनी वाचून दाखवला मला."

मला पेपराची कल्पना नव्हती. "काय आलंय?"

"सात नंबरनं मारलं म्हून. नावबी आलंय. त्या पोरीला लई लागलं का हो?"

"ओठ फाटला. बरी आहे आता."

"देवाची कृपा." मग त्यांनी ते फडकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि तसेच हात जोडले. "माझं लेकरू असं न्हाई, सर. घरात कुणाला वाकडा शबूद बोलत न्हाई. पण खेळाच्या भरात हातनं घडलं असंल. तुम्ही एवढं शिकवलं तिला, तुमचं नाव खाली गेलं तिच्यापायी. पदरात घ्या. माफ करा तिला."

वैजूनं वडिलांकडे बघितलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. कोर्टवरून बेंचकडे बघायची अगदी तसंच. ती वाट बघत होती. मी नुसती मान हलवली असती तरी तिला पुरलं असतं. ती बोलली असती, मग मला बोलावं लागलं असतं. मागे ताशावाला आपला ताशा पिशवीत भरत होता आणि आबासाहेब माझी वाट बघत जीपजवळ उभे होते.

"असू द्या, मारुतराव," मी म्हणालो. "खेळात होतं असं. मी समज दिलीय तिला."

त्या माणसाच्या तोंडावर केवढा हलकेपणा आला. त्यांनी फडक्यानं डोळे पुसले आणि मुलीकडे वळले.

"बघ, किती मोठ्या मनाचा माणूस हाय. पाया पड सरांच्या."

वैजूनं बॅग खाली ठेवली आणि वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.